फ्रेंच की ग्रीक: मराठी माणसाला नेमकं कुठे काय जड जातं?

शब्दवेडा विचारतात:

फ्रेंच आणि आधुनिक ग्रीक, दोन्ही शिकायच्या आहेत. एक आधी, दुसरी नंतर. नोकरी-व्हिसाची घाई नाही. बातम्या वाचता याव्यात आणि साधं बोलता यावं, एवढंच उद्दिष्ट आहे.

जालावर शोधलं की अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या भाषासंस्थेचा तक्ता समोर येतो. त्यात फ्रेंचला ३० आठवडे, म्हणजे साधारण ७५० तास, आणि ग्रीकला ४४ आठवडे, म्हणजे ११०० तास. पण हा हिशोब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा. त्याच तक्त्यात हिंदीसुद्धा ग्रीकच्याच गटात बसवली आहे. म्हणजे तीन लिंगं आणि विभक्ती घरातूनच शिकलेल्या मराठी माणसाला तो आकडा तसाच्या तसा लागू होणार नाही, असं वाटतं.

तर प्रश्न असे:

१. लिपीला खरंच किती वेळ जातो?
२. उच्चारात आपली जीभ कुठे अडखळते?
३. क्रियापदांत कोणती जास्त छळते?
४. एक शिकली तर दुसरीला काही उपयोग होतो का?

"फ्रेंच सोपी, ग्रीक कठीण" एवढंच लिहू नका. कुठे अडतं आणि का, ते हवं आहे.

---

तालव्य_च यांचा प्रतिसाद:

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर देतो. क्रियापदांवर इथे दुसरे जाणकार आहेत.

लिपीची धास्ती बाळगू नका. ग्रीकमध्ये अक्षरं २४. देवनागरीची जोडाक्षरं पेलणाऱ्याला रोज अर्धा तास दिला तर एका आठवड्यात पाट्या वाचता येतात. अडतं ते नव्या आकारांपाशी नाही, ओळखीच्या वाटणाऱ्या आकारांपाशी. रोमन 'पी'सारखं दिसतं ते 'र' आहे. मोठ्या लिपीतलं 'एच'सारखं दिसणारं अक्षर 'ई', 'बी'सारखं 'व', 'एक्स'सारखं 'ख़' (घशाजवळ घासून काढलेला ख). लहान लिपीतलं 'व्ही'सारखं दिसणारं 'न', आणि 'एन'ला शेपूट काढल्यासारखं दिसणारं पुन्हा 'ई'. ही सहा अक्षरं वेगळी काढून आधी घोटा, बाकीची आपोआप बसतात. सिग्माचं शब्दाच्या शेवटी येणारं रूप वेगळं असतं. प्रश्नचिन्ह म्हणून आपला अर्धविराम वापरतात, त्यामुळे सुरुवातीला प्रश्न हा प्रश्न वाटतच नाही.

वाचनाच्या बाबतीत ग्रीक सरळ आहे. स्वर पाचच: आ, ए, ई, ओ, ऊ. ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलत नाही. मूक अक्षरं जवळपास नाहीत. 'आल्फा-इप्सिलोन' आणि 'एप्सिलोन-इप्सिलोन' या जोड्यांचा नियम मात्र लक्षात ठेवायचा: पुढे स्वर किंवा घोष व्यंजन (ग, द, ब, र यांसारखं) असेल तर 'आव्', 'एव्', अघोष (क, त, प यांसारखं) असेल तर 'आफ्', 'एफ्'. म्हणून 'उद्या' म्हणजे 'आव्रिओ', पण 'आभारी आहे' म्हणजे 'एफ्खारिस्तो'.

लिहिताना हीच भाषा उलटते. 'ई' हा एकच ध्वनी सहा प्रकारे लिहिला जातो: ईता, योता, इप्सिलोन, आणि तीन जोड्या. 'ओ' दोन प्रकारे, 'ए'ही दोन प्रकारे. ऐकलेला शब्द बिनचूक लिहिणं म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाच्या आपल्या रडकथेची सहापट आवृत्ती. दिलासा इतकाच, की प्रत्ययांचं लेखन पक्कं असतं. स्त्रीलिंगी नामाच्या शेवटचा 'ई' बहुधा ईताने, नपुंसकलिंगी नामाचा योताने, तर 'तो करतो' या रूपाचा एप्सिलोन-योताने लिहितात. व्याकरण जसं पक्कं होतं तसं शुद्धलेखनही सुधारतं.

फ्रेंचचंही तेच, फक्त मूक अक्षरांची भर. लिहिलेलं वाचता येतं, ऐकलेलं लिहिता येत नाही. 'वेर' असा एकच उच्चार असलेले चार शब्द घ्या: हिरवा, काच, 'च्या दिशेने' आणि किडा. चौघांचं लेखन वेगळं. शब्दाच्या शेवटचं व्यंजन सहसा मूक, मात्र क, र, फ, ल बरेचदा ऐकू येतात. पण 'पार्ले' (बोलणे) सारख्या क्रियापदांच्या मूळ रूपातला शेवटचा 'र' पुन्हा मूकच. त्यावर शब्दसंधी: 'ले' (अनेकवचनी उपपद) आणि 'आमी' (मित्र) एकत्र आले की 'लेझामी' होतं. पण 'एरो' (नायक) हा शब्द 'एच'ने सुरू होतो आणि तो 'एच' उच्चारला जात नसला तरी संधी अडवतो, म्हणून 'ले एरो'. तिथे चुकून 'लेझेरो' म्हटलं तर 'शून्ये' असा अर्थ होतो. असे संधी अडवणारे शब्द शब्दकोशात खूण करून दिलेले असतात, ती खूण बघायची सवय लावा.

आता जीभ.

आपल्याला फुकट मिळणारं: दोन्ही भाषांतले प, त, क अल्पप्राण आहेत आणि त, द दंत्य. अगदी आपलेच. घोळ होतो तो इंग्रजीतून आलेल्या ट-ड मुळे. रोमन अक्षर दिसलं की आपण सवयीने 'ट' म्हणतो. 'टेबल' नव्हे, फ्रेंचमध्ये 'ताब्ल'. ग्रीकमध्ये लिपीच वेगळी असल्याने ही सवय तितकी आड येत नाही. शिवाय ग्रीकमधला 'त्स' म्हणजे 'चांगला'तला च आणि 'द्झ' म्हणजे 'जागा'तला ज. यासाठी वेगळा सराव लागत नाही.

न मिळणारं: ग्रीकमधला थीता हा आपला 'थ' नाही. आपला 'थ' म्हणजे हवा अडवून सोडलेला त. थीतात हवा अडत नाही, जिभेचं टोक दातांमध्ये ठेवून ती घासत बाहेर काढायची. देल्ता हा त्याचाच घोष जोडीदार, तो 'द' नाही. 'फी'साठी ओठ मिटायचे नाहीत, वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे. गामा पुढे आ, ओ, ऊ असेल तर घशाजवळ घासणारा 'ग़', पुढे ए किंवा ई असेल तर जवळपास 'य'. हे नियम दोन दिवसांत कळतात, जिभेवर बसायला दोन महिने लागतात.

फ्रेंचमध्ये अडचण स्वरांची. 'ई' म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठ 'ऊ'सारखे करा, तो झाला त्यांचा खास 'यू'. हा जमला नाही तर 'वर' आणि 'खाली' यांची अदलाबदल होते, कारण 'दस्यू' म्हणजे वर आणि 'दसू' म्हणजे खाली. अनुनासिक स्वरांत आपण हमखास शेवटी 'न' किंवा 'ङ' आणतो. 'बों' (चांगला) म्हणताना शेवटी जीभ टाळूला लागली तर ते 'बॉन' होतं, म्हणजे स्त्रीलिंगी रूप. तपासायची सोपी रीत: शब्द संपल्यावर जीभ कुठे आहे ते पाहा. ती खालीच पडून असायला हवी.

आणि ज्याकडे मराठी माणसाचं सर्वांत कमी लक्ष जातं तो ग्रीकमधला बलाघात, म्हणजे शब्दातल्या एका स्वरावर पडणारा जोर (इथे त्या स्वरापुढे ऽ लिहिला आहे). आपल्याकडे आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून कान त्यासाठी तयारच नसतो. 'पोऽते' म्हणजे कधी, 'पोतेऽ' म्हणजे कधीच नाही. 'नोऽमोस' म्हणजे कायदा, 'नोमोऽस' म्हणजे जिल्ह्यासारखा जुना प्रशासकीय विभाग. एकाहून जास्त अवयवांच्या (उच्चारातल्या तुकड्यांच्या) प्रत्येक शब्दावर आघाताची रेघ छापलेली असते, तेव्हा वाचताना निमित्त सांगायला जागा नाही. शब्द पाठ करताना आघातासकट पाठ केला नाही तर पुढे तो सुधारत नाही. फ्रेंचमध्ये ही डोकेदुखी नाही, जोर पदसमूहाच्या शेवटी पडतो.

---

सकर्मक यांचा प्रतिसाद:

तालव्य_च यांनी उच्चारांचं छान लिहिलंय, मी क्रियापदं घेतो.

फ्रेंचचे तक्ते कागदावर भयंकर दिसतात, तोंडात तितके नसतात. 'बोलणे'ची मी, तू, तो, ते ही चार रूपं लिहायला तीन प्रकारची, उच्चारायला एकच: 'पार्ल'. त्यामुळेच कर्ता गाळता येत नाही, 'झ', 'त्यू', 'इल' म्हणावंच लागतं. ग्रीकमध्ये प्रत्यय कानाला स्पष्ट लागतात: ग़्राफो, ग़्राफीस, ग़्राफी, ग़्राफूमे, ग़्राफेते, ग़्राफून. म्हणून 'मी' गाळायचा, जसा आपण 'येतो हं' म्हणताना गाळतो. प्रत्येक वाक्यात 'एग़ो' घातलं तर "मी! मीच!" असं छातीठोक सांगितल्यासारखं वाटतं.

फ्रेंच भूतकाळात मराठीचा एक फायदा आहे, त्याबद्दल पुस्तकांत चकार शब्द नसतो. मराठीत 'ती गेली' मध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणे आणि 'त्याने चिठ्ठी लिहिली' मध्ये कर्माप्रमाणे चालतं. फ्रेंचमध्येही ढोबळमानाने अशीच वाटणी आहे. जाणे, येणे, निघणे, पोचणे, जन्मणे, मरणे, पडणे अशी पंधरा-सतरा क्रियापदं 'असणे' हे साहाय्यक घेतात आणि धातुसाधित ('गेलेला', 'लिहिलेला' अशा थाटाचं रूप) कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं. बाकीची 'जवळ असणे' हे साहाय्यक घेतात.

पण दोन ठिकाणी मराठीची सवय दगा देते. पहिलं, चालणे, धावणे, झोपणे ही आपल्याकडे अकर्मक असली तरी फ्रेंचमध्ये 'जवळ असणे'च्या गटात आहेत. दुसरं, कर्माशी सुसंगती फक्त कर्म आधी आलं तरच. 'मी लिहिली चिठ्ठी' अशा क्रमाच्या वाक्यात धातुसाधित 'एक्री' असंच राहतं. 'मी लिहिलेली चिठ्ठी' अशी रचना झाली की 'ला लेत्र क झे एक्रीत', आणि तो शेवटचा 'त' ऐकूही येतो. मराठी माणूस दोन्हीकडे बदलून मोकळा होतो. इंग्रजीवरून आलेला नेमका उलट चुकतो, कुठेच बदलत नाही.

आणखी एक बारकावा: त्या पंधरा-सतरांपैकी काही क्रियापदं कर्म घेतात तेव्हा गट बदलतात. 'मी बाहेर पडलो' असेल तर 'झ सुई सॉर्ती', 'मी गाडी बाहेर काढली' असेल तर 'झे सॉर्ती ला व्वात्यूर'. आपल्याकडे पडणे आणि काढणे असे दोन धातू आहेत, त्यांच्याकडे एकच.

आता ग्रीक. तिथे खरा डोंगर म्हणजे क्रियापदाचं दुहेरी अंग. जवळजवळ प्रत्येक धातूला दोन प्रकृती (ज्यांना प्रत्यय लागतात ती अंगं) असतात: एक चालू किंवा वारंवार होणाऱ्या क्रियेची, दुसरी एकदाच होऊन संपणाऱ्या क्रियेची. फ्रेंचमध्येही 'लिहीत होतो' आणि 'लिहिलं' असा भेद आहे, पण फक्त भूतकाळात. ग्रीकमध्ये तो भविष्यात आहे, आज्ञार्थात आहे, 'ना' (साधारण आपला 'की') लावून होणाऱ्या प्रत्येक रचनेत आहे. 'रोज लिहीन' म्हणजे 'था ग़्राफो', 'उद्या लिहीन' म्हणजे 'था ग़्राप्सो'. आपण दोन्हीकडे 'लिहीन' म्हणतो.

दुसरी प्रकृती बनवायचे नियम आहेत. प, व, फ यांच्यापुढे स आला की 'प्स' (ग़्राफो, ग़्राप्सो). क, ग़, ख़ यांच्यापुढे 'क्स' (आनीग़ो, आनीक्सो: उघडणे). शेवटी 'आझो' किंवा 'ईझो' असेल तर बहुधा झ चा स (दियावाझो, दियावासो: वाचणे). 'आओ'ने संपणारी बरीचशी 'ईसो' घेतात (मिलाओ, मिलीसो: बोलणे). एवढ्यात निम्म्याहून अधिक काम भागतं.

उरलेली मात्र अत्यंत नेहमीची आणि अत्यंत बेशिस्त. ती तिहेरी पाठ करायची: चालू रूप, पूर्ण रूप, भूतकाळ.

पाहणे: व्लेपो, दो, ईदा
सांगणे: लेओ, पो, ईपा
खाणे: त्रोओ, फाओ, एफाग़ा
पिणे: पीनो, प्यो, ईप्या
येणे: एर्खोमे, एर्थो, इर्था
घेणे: पेर्नो, पारो, पीरा
सापडणे: व्रीस्को, व्रो, व्रीका
निघणे: व्येनो, व्ग़ो, व्यीका

फक्त पहिलं रूप पाठ करून पुढे गेलात की दुसऱ्या महिन्यात 'मला पाहायचंय' म्हणताना 'थेलो ना व्लेपो' निघतं आणि ऐकणारा "म्हणजे सतत पाहत राहायचंय?" अशा नजरेने बघतो.

हो, आणि ग्रीकमध्ये '-णे' असं मूळ रूपच नाही. 'मला जायचंय' हे 'इच्छितो की जातो' अशा थाटात, दोन्ही क्रियापदं चालवून. कर्ता बदलला की दोन्ही बदलतात. शब्दकोशात धातू उत्तमपुरुषी एकवचनात दिलेला असतो. फ्रेंचमध्ये 'व्हुलवार'नंतर (इच्छिणे) सरळ मूळ रूप ठेवता येतं, कर्ता वेगळा असला तरच जोडरचना आणि इच्छार्थी रूप.

---

ओळख_नको यांचा प्रतिसाद:

सकर्मक यांच्याशी बहुतांशी सहमत, पण "आपण दोन्हीकडे लिहीन म्हणतो" हे अर्धंच खरं. मराठीत 'लिहीत जाईन' आहे. आज्ञार्थात 'रोज लिहीत जा' आणि 'आत्ता लिहून टाक' हा फरक आपण दिवसभर करतो. ग्रीकमध्ये नेमकं तेच: पहिलं 'ग़्राफे', दुसरं 'ग़्राप्से'. तेव्हा कोणती प्रकृती घ्यायची अशी शंका आली की मराठीत '-त जा', '-त राहा' लावून बघा. वाक्य बसलं तर पहिली प्रकृती, '-ून टाक', '-ून घे' बसलं तर दुसरी. इंग्रजीतून विचार करणाऱ्याकडे ही चावी नसते.

---

सकर्मक:

चावी चांगली आहे, पण ती एका दाराला लागत नाही. 'सुरू करणे', 'चालू ठेवणे', 'थांबवणे' या क्रियापदांनंतर ग्रीकमध्ये कायम पहिलीच प्रकृती येते: 'आर्खीझो ना ग़्राफो'. मराठीत 'लिहायला लागतो' या रूपात त्याचा काही मागमूस नाही, म्हणून ते वेगळं लक्षात ठेवावं लागतं. आणि मुख्य म्हणजे मराठीत 'लिहीत जाईन' न म्हणता 'रोज लिहीन' म्हटलं तर कुणी हरकत घेत नाही. ग्रीकमध्ये पर्याय नाही.

मराठीशी जुळणाऱ्या गोष्टींचीच यादी करायची तर मला 'मू आरेसी' सर्वांत आवडतं. शब्दशः 'मला आवडतं'. आवडणारी वस्तू कर्ता, ती अनेकवचनी असेल तर 'मू आरेसून'. इंग्रजी भाषक इथे आठवडाभर चाचपडतात. फ्रेंचमध्ये 'झेम', कर्ता मीच. पण 'मला तुझी आठवण येते' साठी फ्रेंच उलटते: 'त्यू म मांक', ज्याची आठवण येते तो कर्ता.

नकारातही तसंच. ग्रीकमध्ये विधानाला 'देन', आणि आज्ञा-इच्छेला 'मिन'. आपलं 'जात नाही' आणि 'जाऊ नको' यांच्यातलं अंतर. हा 'मिन' म्हणजे जुना 'मी', आणि तो संस्कृतातल्या 'मा'चा सख्खा भाऊ ('मा कुरु' आठवा). नकारार्थी आज्ञेला वेगळं आज्ञार्थी रूप नसतं, 'मिन'पुढे साधं द्वितीयपुरुषी रूप येतं.

सर्वनामांचा क्रम: ग्रीकमध्ये आधी 'कोणाला', मग 'काय'. 'तू तो दीनो', त्याला ते देतो. प्रथम, द्वितीय, तृतीय पुरुष, कुठेही हाच क्रम. फ्रेंचमध्ये 'मला ते देतो' असेल तर 'इल म ल दोन', पण 'त्याला ते देतो' असेल तर क्रम उलटतो: 'इल ल लुई दोन'. याला युक्ती नाही, वाक्यंच पाठ करा.

---

शब्दवेडा:

सगळ्यांचे आभार, ही माहिती एका जागी कुठेच मिळाली नव्हती. नामांचं काय? ग्रीकमध्ये तीन लिंगं आणि विभक्ती, फ्रेंचमध्ये दोन लिंगं आणि विभक्ती नाही, म्हणजे तिथे फ्रेंच सरळ जिंकते ना? आणि संस्कृत थोडं येत असेल तर थेट प्राचीन ग्रीक घेतलेलं बरं का?

---

पानाआड यांचा प्रतिसाद:

जिंकते असं म्हणवत नाही. फ्रेंचमध्ये लिंगं दोनच, पण शब्दाकडे बघून ओळखायला आधार कमी. '-स्यों', '-एत' यांनी संपणारे स्त्रीलिंगी, '-आझ', '-मां', '-ओ' यांनी संपणारे बहुधा पुल्लिंगी. मग अपवाद: पान, चित्र, पिंजरा, समुद्रकिनारा हे सगळे '-आझ'वाले असून स्त्रीलिंगी. पाणी आणि त्वचा '-ओ'वाले असून स्त्रीलिंगी. ग्रीकमध्ये '-ओस' बहुधा पुल्लिंगी, '-आ' आणि ईताने लिहिलेला '-ई' बहुधा स्त्रीलिंगी, '-ओ', योताचा '-ई' आणि '-मा' नपुंसकलिंगी. मूल नपुंसकलिंगी (आपल्यासारखंच), आणि मुलगीसुद्धा. फसवणारे थोडे आहेत पण रोजचे: रस्ता ('ओदोस'), बाहेर जायची वाट ('एक्सोदोस') हे '-ओस'वाले स्त्रीलिंगी, तर चूक ('लाथोस') आणि जंगल ('दासोस') '-ओस'वाले नपुंसकलिंगी.

विभक्ती चारच: प्रथमा, द्वितीया, षष्ठी, संबोधन. चतुर्थीचं काम षष्ठी किंवा 'से' हे अव्यय करतं. संबोधनात '-ओस'चा स गळतो, तो बहुधा '-ए' होतो, पण बऱ्याच व्यक्तिनामांत '-ओ'. हाक मारताना 'यॉर्ग़ोस' नव्हे, 'यॉर्ग़ो'. मराठीत 'मुलगा'चं 'मुला' होतं तेव्हा कुणी तक्रार करत नाही, तसंच हे. शिवाय व्यक्तिनामालाही उपपद लागतं, हे विसरलं जातं.

विभक्तीपेक्षा त्रास आघाताच्या उड्या देतात. आघात शेवटच्या तीन अवयवांतच राहू शकतो. प्रत्यय लागून शब्द लांबला की तो पुढे सरकतो: 'प्रोऽव्लिमा' (अडचण), षष्ठी 'प्रोव्लीऽमातोस', अनेकवचनी षष्ठी 'प्रोव्लिमाऽतोन'. 'माझी अडचण' म्हणायची तर 'मू' मागे चिकटतो आणि शब्दावर दोन आघात येतात. लिहिताना दोन्ही रेघा द्यायच्या.

आता चौथ्या प्रश्नाचं उत्तर इथेच देतो. ग्रीकमधले '-मा'वाले नपुंसकलिंगी शब्द फ्रेंचमध्ये गेले ते पुल्लिंगी झाले: प्रॉब्लेम, सिस्तेम, तेम, पोएम. शेवटचं मूक अक्षर पाहून ते स्त्रीलिंगी वाटतात आणि सगळे चुकतात. ग्रीक येणारा चुकत नाही. ग्रीकमधले 'मेथोदोस', 'पेरीओदोस' स्त्रीलिंगी, म्हणून फ्रेंच 'मेतोद' आणि 'पेर्योद'ही स्त्रीलिंगी. ('एग्झोद' मात्र पुल्लिंगी झाला, तो सोडून द्या.) फ्रेंच लेखनात रोमन 'टी' आणि 'पी' या अक्षरांनंतर 'एच' दिसतो, तो बहुधा थीता किंवा फी यांची खूण असते. फ्रेंच 'बिब्लिओतेक' आणि ग्रीक 'विव्लिओथीकी' शेजारी ठेवून बघा.

उलट दिशेने, आधुनिक ग्रीकने फ्रेंचमधून शब्दांची पोती भरून नेली आहेत: लिफ्ट म्हणजे 'आसान्सेर', चालक म्हणजे 'सोफेर', खोली गरम ठेवणारा रेडिएटर म्हणजे 'कालोरिफेर'. हे शब्द चालवायचे नाहीत, सर्व विभक्तींत तसेच. रंगांचंही तेच: 'ब्ले', 'रोझ', 'ग्री', 'मोव्ह' यांना लिंगवचन नाही, तर पांढरा, काळा, लाल, हिरवा हे देशी रंग पूर्ण चालतात. फ्रेंच आधी झाली असेल तर असे शेकडो शब्द आयते मिळतात. पण पाणी ('नेरो'), भाकरी-पाव ('प्सोमी'), घर ('स्पीती') असे रोजचे शब्द कुठूनच मिळत नाहीत. ग्रीकचे पहिले सहाशे-सातशे शब्द कोऱ्या पाटीवरच लिहायचे. फ्रेंचला इंग्रजीचा टेकू असतो, तो इथे नाही, आणि तक्त्यातला तासांचा फरक मुख्यतः इथेच मराठी माणसालाही लागू पडतो.

प्राचीन ग्रीक: उद्दिष्ट बातम्या आणि बोलणं असेल तर नको. ती वेगळी भाषा म्हणूनच शिकावी लागते. संस्कृत येणाऱ्याला तिथे मौज वाटते हे खरं. द्विवचन आहे, चतुर्थी आहे, परस्मैपद-आत्मनेपदासारखी वाटणी आहे, भूतकाळात धातूच्या आधी 'ए' लागतो, जसा 'अगच्छत्' मध्ये 'अ'. आणि थीता, फी, ख़ी यांचा अभिजात काळातला उच्चार खरोखर थ, फ, ख असा महाप्राण होता. आधुनिक ग्रीकमध्ये त्या 'ए'चा अवशेष फक्त आघात त्यावर पडतो तिथे उरलाय: 'एऽग़्राप्सा' (मी लिहिलं), पण 'ग़्राऽप्सामे' (आम्ही लिहिलं).

जुनी पुस्तकं घेताना सावध राहा. शिक्षणाची भाषा म्हणून बोलीवर आधारलेली 'दिमोतिकी' १९७६ साली आली. त्याआधी 'काथारेव्हुसा' ही संस्कारित, प्राचीन वळणाची भाषा सरकारी होती. एकच आघातचिन्ह ठेवणारी पद्धत १९८२ ची. पानावर स्वरांच्या डोक्यावर तीन-चार प्रकारच्या खुणा दिसल्या तर ते पुस्तक नवशिक्याचं नाही.

---

तालव्य_च:

दोन्ही एकदम सुरू करू नका, एवढं सांगायचं राहिलं. शब्दांची सरमिसळ फारशी होत नाही, पण दोन्हीकडे पहिले तीन महिने रूपं पाठ करण्याचे असतात आणि तो वेळ दुप्पट होत नाही. पहिलीत साधी वर्तमान-भूत-भविष्याची वाक्यं न अडखळता आली की दुसरी घ्यावी. क्रम माझ्या मते फ्रेंच आधी, कारण शब्द आयते मिळतात आणि लवकर वाचायला लागता येतं. फ्रेंचची परीक्षा कानाची आहे: बोलताना 'झ न से पा' (मला माहीत नाही) आखडून 'शे पा' होतं, 'इल इ आ' (आहे) चं 'या'. म्हणून पहिल्या दिवसापासून ऐकायचं, वाचन जमल्यावर नाही. फ्रान्सच्या आंतरराष्ट्रीय रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या रोजच्या बातम्या साधारण दहा मिनिटांच्या असतात आणि सोबत लेखी मजकूर मिळतो. आधी ऐका, मग वाचा, मग पुन्हा ऐका.

---

ओळख_नको:

माझं मत उलट. ग्रीक आधी. जड भाग सुरुवातीलाच येतो, पण दुहेरी प्रकृती आणि आघात एकदा बसले की पुढे नवं व्याकरण फार उरत नाही. शिवाय फ्रेंचचा घशातला 'र' येत असलेला माणूस ग्रीक 'र'लाही तोच लावतो. ग्रीकला आपलाच र हवा.

टंकलेखनाबद्दल कुणी बोललं नाही. ग्रीक कळफलकात बहुतेक अक्षरं रोमन नातेवाइकाच्या जागी असतात, चार ठिकाणी चकवा आहे: थीता 'यू'वर, क्सी 'जे'वर, प्सी 'सी'वर, ओमेगा 'व्ही'वर. शब्दान्तीचा सिग्मा 'डब्ल्यू'वर. आघातासाठी 'एल'च्या उजवीकडची कळ आधी दाबायची, मग स्वर. गप्पांमध्ये ग्रीक लोक रोमन लिपीतही लिहितात. शिकणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, कारण सहा 'ई'पैकी कुठला हे तिथे प्रत्येकजण आपल्या मर्जीने ठरवतो आणि शुद्धलेखन कधीच डोळ्यांत बसत नाही.

---

पानाआड:

परीक्षा द्यायची झाली तर: फ्रेंचच्या 'देल्फ' या परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे अशा चार भागांना प्रत्येकी २५ गुण. उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ५० लागतात, पण एखाद्या भागात ५ पेक्षा कमी पडले तर एकूण ७० असूनही नापास. प्रमाणपत्राला मुदत नाही. 'तेसेएफ' या दुसऱ्या फ्रेंच परीक्षेचा निकाल मात्र दोन वर्षंच ग्राह्य, तेव्हा घाई नसताना ती देऊ नका. ग्रीकची प्रमाणपत्र परीक्षा थेस्सालोनिकीचं ग्रीक भाषा केंद्र घेतं, सहसा मे महिन्यात. त्यामुळे तयारी उन्हाळ्याआधी संपेल अशी आखा. त्याच केंद्राच्या संकेतस्थळावर त्रियांदाफिलीदिस हा ग्रीक शब्दकोश फुकट आहे. त्यात प्रत्येक नामाचं लिंग आणि प्रत्येक क्रियापदाची दुसरी प्रकृती दिलेली असते, सकर्मक यांची तिहेरी यादी तिथूनच वाढवत न्या.

आणि शब्दवेडा, एक छोटी गोष्ट पहिल्याच दिवशी घोटून घ्या. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो. मराठी कानाला तो नकार वाटतो, आणि 'नाही' म्हणजे 'ओऽखि', तो आपल्याला 'ओके'सारखा ऐकू येतो.

---

शब्दवेडा:

ग्रीक आधी घेतो. तिहेरी यादीची वही आजच केली.

---

सकर्मक:

वहीत चौथा रकाना ठेवा, आज्ञार्थासाठी. 'ये' म्हणजे 'एऽला', तो वरच्या तिन्हींपैकी कुठूनच बनत नाही.